मुंगळीची वाघूर

मी एक जुनी वाघूर आहे. वाघूर म्हणजे शिकारीचे जाळे. तुमच्यापैकी बहुतेकांनी हा शब्द ऐकलेला नसेल, आणि त्याचे मला काही वाटत नाही. मित्रांनो, अशी हाक मारून सुरुवात करायची पद्धत आहे, म्हणून मीही मारते. पण आधीच सांगून ठेवते, गोड बोलणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. माझ्या माणसांना आजवर ज्यांनी ज्यांनी गोड आवाजात हाक मारली, ते काहीतरी उचलून न्यायलाच आले होते.

मला मुंगळीने बनवले. तिचा पाय एका जागी ठरत नसे म्हणून सगळे तिला मुंगळी म्हणायचे. त्या वर्षी तिचा नवरा मधाच्या झाडावरून पडून गेला होता. पदरात रांगती पोरगी होती. नवऱ्याचे जाळे त्याच्याबरोबरच पुरले गेले. आमच्यात ज्याचे जाळे नाही तो शिकारीत मागे उभा राहतो, आणि मागे उभ्या राहणाऱ्याला वाटाही मागूनच मिळतो, बहुतेक वेळा हाडांचा. मुंगळीला मागे उभे राहणे जमणारे नव्हते.

तिने झाडांची आतली साल सोलून आणली. ती ओढ्यात दगडाखाली दाबून कुजवली. मग ठेचली, धुतली, तिचे धागे, म्हणजे वाख, मोकळा केला आणि पोरीला पाठीशी बांधून मांडीवर दोरी वळायला बसली. वळून वळून मांडी सोलून निघाली, तेव्हा दुसरी मांडी घेतली. गाठ मारताना ती दोरी दातात धरायची, त्यामुळे माझ्या पहिल्या गाठींना तिच्या थुंकीचा वास होता. पावसाळा संपेपर्यंत तिचे हे काम चालू होते.

तिचा धाकटा भाऊ साळू जवळ बसून गंमत बघायचा. त्याचे केस साळिंदराच्या काट्यांसारखे उभे राहायचे आणि तोंडही तसेच होते.

"ताई, इतकी बारीक विणतेस, यात काय डास धरणार आहेस?"

"तुझी जीभ धरणार आहे," मुंगळी म्हणाली. "सारखी सुटलेली असते."

मी पुरी झाले तेव्हा त्यांचे बाबा मला बघायला आले. सगळे त्यांना वाटाड्या म्हणायचे, कारण शिकारीला कुठे जायचे ते तेच ठरवायचे. त्यांनी मला दोन झाडांच्या मध्ये ताणले, आपले सगळे वजन माझ्यावर टाकले आणि झोका घेतला. मी करकरले, पण तुटले नाही. "बरी आहे," एवढेच ते म्हणाले. आमच्याकडे कौतुकाची मजल तिथेच संपायची. पण मुंगळीने त्या दिवशी दोनदा अंघोळ केली, यावरून काय ते समजा.

शिकारीचे सांगते. सगळ्यांच्या वाघुरी एकमेकींना बांधून झाडीत कमानीसारखी रांग लावायची. रांगेमागे दबा धरून माणसे बसायची. बायका आणि पोरे दुसऱ्या अंगाने जाऊन हाकारा करायची, म्हणजे आरडाओरडा, टाळ्या, झाडांवर काठ्यांचे फटके. जनावर बुजून आमच्याकडे पळत सुटायचे. ते येऊन आदळले की मला सैल पडावे लागे. ताठ राहिले तर जनावर उसळून मागे जाते. सैल पडले तरच ते स्वतःला गुंडाळून घेते. पहिल्यांदा माझ्यात हरिण पडले, तेव्हा साळू मुंगळीच्या आधी ओरडला होता.

आता तुम्हाला वाटेल, काय सुखाचे दिवस होते! रान म्हणजे आईच जणू! हे असले काही माझ्यासमोर बोलू नका. रान कोणाची आई नव्हते. लागोपाठ कितीतरी दिवस माझ्यात पालापाचोळ्याशिवाय काही पडायचे नाही. तेव्हा बायका खणत्या काठ्या घेऊन कंद उकरायच्या, पोरे चिखलात खेकडे शोधायची आणि मोठी माणसे एकमेकांवर खेकसायची. वाट्यावरून भांडणे व्हायची. एकदा साळूने दुसऱ्याच्या वाट्यातली चरबी उचलली म्हणून त्याच्या डोक्यात लाकूड बसले होते. पोरे तापाने जायची. पण एक होते. भांडण कितीही पेटले तरी संध्याकाळी कोणाची चूल रिकामी ठेवून दुसरा जेवत नसे. मांस कोणी मारले याला किंमत नव्हती. किती तोंडे आहेत याला होती.

मुंगळीची पोरगी खारीसारखी सरसर झाडावर चढू लागली आणि खारू झाली, त्या सुमारास रस्ता आला.

रस्त्याने ट्रक आले. ट्रकांतून झाडे कापणारे आले. ते गोड बोलले. मीठ दिले, सुऱ्या दिल्या, साळूला एक टोपी दिली. साळूने ती टोपी घालून त्यांना कुठे कोणते झाड आहे ते दाखवले. झाडे कापली जाताना जो आवाज व्हायचा, त्याने जनावरे दूर निघून गेली. आमचा हाकारा त्यापुढे पोरखेळ वाटायचा. मोठी झाडे संपली तेव्हा ट्रक गेले, आणि मग खाकी कपड्यांतली माणसे आली. त्यांनी रानाच्या तोंडाशी चौकी बांधली. ते म्हणाले, या रानातली जनावरे कमी झाली आहेत, तेव्हा आता शिकार बंद. जनावरे कोणी पळवली ते कोणी विचारले नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

त्या खाकी माणसांत एक जण रस्त्यावरच्या गावातलाच होता. त्याच्या गळ्यात सदा शिट्टी असायची, म्हणून आमच्या लोकांनी त्याचे नाव शिट्टी ठेवले. खाकी चढण्याआधी तो साळूकडून मांस न्यायचा. आमच्या शेकोटीपाशी बसून बोटे चाटत खायचा आणि म्हणायचा, "साळू, तुझ्यासारखा दोस्त नाही."

ज्या दिवशी आम्हाला पकडले त्या दिवशी सकाळपासून हाकारा चालला होता. लोक बरेच दिवसांचे उपाशी होते. अखेर एक लहानसे हरिण येऊन माझ्यावर आदळले. साळूने झेप घेऊन ते दाबून धरले, आणि त्याच वेळी चहूकडून शिट्ट्या वाजल्या. या खेपेला हाकारा दुसऱ्यांचा होता.

बायका पोरांना घेऊन पळाल्या. साळू पळाला नाही, कारण त्याच्या अंगाखाली हरिण होते, आणि भुकेले माणूस हातातले अन्न सोडून पळत नाही. त्यांनी त्याला बंदुकीच्या दस्त्यांनी मारले. वाटाड्या मध्ये पडले तर त्यांना ढकलून दिले. साळूने शिट्टीला पाहिले आणि त्याला हाक मारली. शिट्टी पुढे आला आणि त्याने इतरांपेक्षा जास्त मारले. ओळख पुसायची असली की माणूस असेच करतो.

बाकीच्या वाघुरींचा त्यांनी तिथेच ढीग केला आणि पेटवला. वाख चांगला जळतो. कितीतरी बायकांच्या मांड्यांची साल त्या आगीत गेली. मला तेवढे ठेवले, कारण माझ्यात हरणाचे केस अडकले होते आणि खटल्यासाठी काहीतरी दाखवायला हवे होते. मुद्देमाल म्हणून त्यांनी मला चौकीत नेले. हरिणही नेले होते. ते त्यांनी खाल्ले.

चौकीची खोली लांबट होती. एका भिंतीला लोखंडी कपाट, कपाटावर कंदील, खिळ्याला ओले गणवेश. कोपऱ्यात रॉकेलचा डबा होता आणि त्या डब्यावर मला टाकले होते. पलीकडच्या खोलीतून साळूचा आवाज यायचा. सुरुवातीला तो शिव्या द्यायचा, मग नुसता कण्हायचा, मग तेही थांबले. मला त्या शिव्यांचीच आठवण येऊ लागली.

मुंगळी रोज यायची. कुंपणाच्या दाराशी उभी राहायची. कोणी हाकलले की मागे जायची आणि पुन्हा पुढे यायची. शेवटी मोठ्या साहेबांनी तिला आत बोलावले. साहेब मारणारे नव्हते. ते स्वच्छ होते, हळू बोलायचे आणि त्यांनी तिला बसायला स्टूलही दिले.

"हे बघ बाई," ते म्हणाले, "मला तुमचं वाईट करायचं नाहीये. सरकारने तुमच्यासाठी वसाहत बांधलीय. पक्क्या खोल्या आहेत, नळ आहे, धान्य मिळेल. तुम्ही सगळे रान सोडून तिकडे राहायला जा. तुझा भाऊ घरी येईल."

मुंगळी म्हणाली, "कुठल्या घरी साहेब? घर तर तुम्ही सोडायला सांगताय."

साहेबांनी हसून मान हलवली, जणू एखादे मूल काहीतरी गमतीचे बोलले. "विचार कर. त्याची तब्येत काही बरी नाही."

त्यांनी मुद्दाम पलीकडच्या खोलीचे दार उघडे ठेवले. मुंगळीला भाऊ दिसला. "येतो आम्ही," ती म्हणाली.

त्या एका शब्दाने आमची टोळी दुभंगली. मी तिथे नव्हते, पण पुढे खारूच्या तोंडून अनेकदा ऐकले. वाटाड्यांनी मुंगळीला विचारले, "तू कोणाला विचारून शब्द दिलास?"

"बाबा, तो मरतोय तिथे."

"माणसं मरतात. रान दिलं तर सगळेच मरू."

"तुमचा मुलगा आहे तो."

"म्हणूनच बोलतोय मी हे. दुसऱ्याचा असता तर गप्प बसलो असतो." एवढे बोलून ते उठले आणि आत, दाट झाडीकडे चालू लागले. काही जण त्यांच्यामागे गेले. बाकीचे मुंगळीबरोबर खाली उतरले. लेकीकडे वाटाड्यांनी पुन्हा वळून पाहिले नाही, आणि लेकही हाक मारायला थांबली नाही. दोघांचा हट्ट एकाच मुशीतला.

वसाहत म्हणजे माळावर ओळीने बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या. एका ओळीच्या दारांतून समोरच्या ओळीच्या पाठी दिसायच्या. एकही झाड नव्हते. वेशीवरच्या पाटीवर वसाहतीचे नाव होते सुखनगर. नाव मोठे, लक्षण खोटे. नळाला पाणी यायचे ते गावातल्या लोकांनी सोडले तर. गावातले लोक म्हणायचे, खायला काळ आणि भुईला भार आणून बसवलेत आमच्या उरावर. चहाच्या टपरीवर आमच्या माणसांचे कप वेगळे ठेवले होते, बाहेर, खिडकीखाली.

साहेबांनी शब्द पाळला. साळूला सोडले. त्याचा उजवा खांदा वर उचलत नव्हता. लांबून तो येताना दिसला तेव्हा मुंगळी धावत गेली. तो थांबला. त्याने पत्र्यांच्या ओळी पाहिल्या, माळ पाहिला, आणि बहिणीला म्हणाला, "मला कोणी विचारलं होतं?"

तेवढेच. त्यानंतर तो तिच्याशी बोलायचा बंद झाला. शेजारच्या खोलीत राहायचा. ती पोरीच्या हातून त्याला जेवण पाठवायची. तो जेवायचा आणि भांडे दाराबाहेर ठेवून द्यायचा.

आणि मी? खटला कधी उभाच राहिला नाही. मी चौकीत धूळ खात पडले. वसाहतीत धान्याची कोठी होती आणि ती सांभाळायला एक कोठीवाला होता. त्याने कोठीच्या मागे भाजीचा मळा केला होता. मेथी, वांगी, रताळी. वसाहतीतल्या पोरांची त्याला भीती वाटायची. एकदा तो शिट्टीकडे गेला, दोघांनी बसून चहा घेतला आणि तो मला खांद्यावर टाकून घेऊन आला. त्याने मला खुंट्यांवर ताणून मळ्याभोवती बांधले.

मित्रांनो, हे नीट समजून घ्या. ज्या माणसांनी मला पोट भरायला विणले, त्यांच्याच पोरांना अन्नापासून लांब ठेवायला मला उभे केले होते. आणि मी उभी होते. जाळ्याला पाय नसतात.

त्या आठवड्यात धान्याची गाडी आली नव्हती. मुंगळी तापाने अंथरुणाला खिळली होती. दुपारी अखेर गाडी आली आणि कोठीपुढे रांग लागली. वसाहतीतल्या बायका होत्या, साळू होता, गावातलेही काही जण फुकटचे काही मिळते का म्हणून घुटमळत होते. शिट्टीही होता. खारूला आईच्या जागी रांगेत उभे केले होते, पण कोठीवाल्याने तिला बाजूला काढले. "आईला पाठव. पोरांना देत नाही."

"आईला उठता येत नाही."

"मग उठता येईल तेव्हा ये."

खारू रांगेतून निघाली आणि कोठीच्या मागे गेली. तिला रताळ्याचा वेल दिसला. रानातल्या पोरीला वेल दिसला की खाली काय आहे ते कळते, आणि जमिनीत असते ते जो खणेल त्याचे, एवढेच तिला शिकवलेले होते. माझ्या खालून ती सरपटत आत शिरली. बोटांनी माती उकरली. दोन रताळी काढली आणि वेलाचा शेंडा पुन्हा मातीत खोचून वरून माती दाबली, म्हणजे तो परत मूळ धरेल. चोर असे करतात का?

बाहेर पडताना तिचा हात माझ्यात अडकला. तिने हिसका दिला. खुंटी उपटली, मी सैल पडले, आणि पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. ती जितकी धडपडली तितकी गुंडाळत गेली. ती हरणासारखी ओरडली नाही. "मामा!" अशी हाक मारली तिने.

आधी कोठीवाला पोचला. "चोर सापडला!" असे तो ओरडला, आणि गावातले लोक काठ्या घेऊन धावले. त्यांनी माझी दोन टोके दोन बाजूंनी धरली आणि ओढली. कोणीतरी हसत होते. खारूचा हात कोपरातून उलटा वळला आणि एक आवाज आला, वाळकी फांदी मोडावी तसा. हसणारा गप्प झाला, पण ओढणारे थांबले नाहीत. घोळक्यातल्या माणसाला आपला हात आपला वाटत नाही.

साळू गर्दी फोडून आला. त्याने एका हाताने माझे एक टोक हिसकून घेतले. पण गाठी आवळल्या गेल्या होत्या, आणि एका हाताने त्या सुटणाऱ्या नव्हत्या.

तेवढ्यात मुंगळी आली. तापाने तिचे डोळे लाल होते आणि ती भिंतीला धरधरून चालत होती. तिने पोरीला पाहिले. मग तिने मला पाहिले. कोठीच्या मागे ती कधी आली नव्हती; मी इतक्या दिवसांनी तिच्यासमोर होते, आणि मला क्षणभर वाटले, ती माझ्या गाठींवरून हात फिरवेल. तिने मान वळवली. कोठीच्या ओट्यावर पोती फाडायची सुरी पडली होती, ती उचलली आणि मला कापायला लागली.

"अगं ए!" कोठीवाला ओरडला. "सरकारी माल आहे तो! हात लावू नकोस!"

"सरकार आलं होतं का माझ्या मांडीवर वाख वळायला?" मुंगळी म्हणाली. तिचा हात थांबला नाही. जाळीचे एकेक घर, एकेक गाठ. जे तिने दातांत धरून बांधले होते ते तिने न बघता कापले. पोरीच्या हाताला हात लागला तसा तिने तो मोकळा केला.

काठ्या अजून वर होत्या. साळू त्यांच्या आणि बहिणीच्या मध्ये उभा राहिला. "ताई," तो म्हणाला, आणि रानातून आल्यापासून त्याने तिला मारलेली ही पहिलीच हाक होती, "तू पोरीला घेऊन चाल. मी आहे इथे." मग तो गर्दीतल्या शिट्टीकडे वळला. "माझ्या शेकोटीपाशी बसून खाल्लंयस तू. सांग ना यांना. सांग, चोर कोण ते."

शिट्टीने तोंड उघडले. मला वाटते, तो बोलणार होता. पण गावातले सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने गळ्यातली शिट्टी चाचपली आणि दुसरीकडे पाहिले.

कोणी मारले नाही. काठ्या हळूहळू खाली आल्या. मुंगळीने पोरीला उचलले. मी पोरीच्या अंगाभोवती अर्धी गुंडाळलेली तशीच फरफटत गेले. मागे रांगेतल्या आमच्या बायका एकेक करून रिकाम्या पिशव्या घेऊन कोठीपासून निघून आल्या. त्या दिवशी कोठीवाल्याचे धान्य कोणी घेतले नाही. मला इथे सांगायला आवडले असते की पुढेही कोणी घेतले नाही. पण पोटापुढे मान फार काळ ताठ राहत नाही. थोड्याच दिवसांत रांग पुन्हा लागली. फक्त मळ्याभोवती मग काटेरी तार आली.

डॉक्टर लांब होता आणि त्याच्याकडे नेईपर्यंत हाड वाकडे जुळले होते. खारूचा तो हात आजही पुरता सरळ होत नाही.

साळू रानात निघून गेला, बाबांकडे. जायच्या आधी तो बहिणीच्या दारात बसला. "तू पण चल," तो म्हणाला.

"हिचा हात बरा होऊ दे."

"आणि मग?"

उत्तर दोघांनाही माहीत होते. पोरीला दवाखाना लागणार होता, आणि रानात लपून राहणाऱ्याला दवाखाना नसतो. तो अधूनमधून झाडीच्या कडेला यायचा, पानात बांधलेला मध देऊन जायचा. खाकी माणसे त्यांना आत आत रेटत राहिली. वाटाड्या गेल्याची बातमी आधी आली. मग एका वर्षी साळूला ताप आला, आणि बाहेर आला तर पकडतील म्हणून तो आला नाही. त्याच्या जाण्याची बातमी सांगायला जो माणूस आला, त्याच्या डोक्यावर ट्रकवाल्यांनी दिलेली ती टोपी होती. मुंगळीने ती मागितली नाही. त्या माणसाला पोटभर जेवू घातले.

मला तिने खाटेखाली ठेवले. अनेक जणी म्हणाल्या, सांधून टाक, एवढी कापलीस ती. तिने कधीच सांधले नाही.

खूप वर्षांनी शहरातून एक बाई आल्या. त्या जुन्या वस्तूंच्या मोठ्या घरातून आल्या होत्या, जिथे लोक तिकीट काढून वस्तू बघायला येतात. आवाज अगदी गोड. मला पाहून त्यांनी गालांवर हात ठेवले. "अशी अस्सल वाघूर आता कुठेच राहिली नाही! द्या ना आम्हाला. फक्त हा फाटलेला भाग तेवढा सांधून द्या, बघायला बरं दिसेल."

"फाटलेला नाही तो," मुंगळी म्हणाली. ती आता म्हातारी झाली होती. "कापलाय."

बाईंना फरक कळला नाही. त्या हसल्या.

खारू तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. लिहायला वाचायला शिकली होती. लहानपणी ती माझ्याजवळ यायची नाही. खाटेखाली काही गेले तर दुसऱ्याला काढायला सांगायची. मला वाटले, ही पहिल्या झटक्यात मला देऊन टाकील. तिने दिले, पण अट घातली. "सांधायचं नाही. आणि कोणी कापलं, कशासाठी कापलं, ते खाली लिहायचं. इथं पडून ही फक्त आम्हालाच दिसते, बाई. आम्हाला माहितीच आहे."

"हो हो, नक्की," बाई म्हणाल्या.

"लिहितील ही माणसं?" मुंगळीने लेकीला विचारले.

"बघू," खारू म्हणाली.

आता मी एका थंडगार दालनात काचेमागे टांगलेली आहे. इथे ऊन येत नाही, वाळवी येत नाही. एक माणूस रोज काच पुसतो. माझी इतकी काळजी जन्मात कोणी घेतली नव्हती. खालच्या पाटीवर लिहिले आहे : 'शिकारीचे जाळे. झाडाच्या सालीपासून. काही भाग जीर्ण.'

खारू एकदा येऊन गेली. आपल्या मुलीला घेऊन, दोन गाड्या बदलून. मुंगळी तेव्हा राहिली नव्हती. खारूने पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग दाराशी बसलेल्या माणसाला जाऊन विचारले. तो म्हणाला, "मॅडमना विचारा." मॅडम रजेवर होत्या.

मित्रांनो, आपली गोष्ट सांगून झाली की जुन्या वस्तूंनी म्हणायचे असते, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला जपणारे पुष्कळ आहेत. तुम्ही एवढेच करा. बाहेर पडताना दाराशी बसलेल्या माणसापुढे थांबा आणि त्याला सांगा, ते जाळे जीर्ण नाही, कापलेले आहे, एका आईने आपली पोर सोडवायला कापलेले आहे, पाटी बदला. तो म्हणेल, मॅडमना विचारा. मग मॅडमना विचारा. एकट्या खारूला रजेचे कारण सांगता येते. दारात रोज कोणी ना कोणी उभे राहिले, तर रजा तरी किती काढणार?

आणि तेवढेही जमणार नसेल, तर माझ्यासमोर उभे राहून हळहळू नका. पुढच्या दालनात जा. तिथे टाचण्यांनी टोचलेली रंगीत फुलपाखरे आहेत. ती फार सुंदर आहेत, आणि ती तुमच्याकडे काही मागत नाहीत.